बोटं सुजलेली आणि मोठ्या मूर्तीचे डोळे बाकी

वर्षभर मी फ्रीलान्स चित्रं काढते, लहान मुलांची पुस्तकं, कधी मिठाईच्या बॉक्सचं डिझाइन, जे येईल ते, आणि आषाढ लागला की लालबाग-परळच्या गणपती कारखान्यांत आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. अंगाचा रंग, शेडिंग, सोनेरी काठ असं सगळं झालं की शेवटी डोळे काढायचे, आणि याचे पैसे नगावर मिळतात. डोळे काढले तर पैसे, नाही काढले तर नाही. सिक लीव्ह वगैरे आमच्यात नसतं.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे. 2021 मध्ये कळलं. तेव्हा कोविडमुळे मंडळाच्या मूर्तीला 4 फूट आणि घरच्या मूर्तीला 2 फुटांची मर्यादा होती, काम तसंही कमी होतं, आणि रोज सकाळी दोन्ही हातांची मधली बोटं एकदमच आखडलेली असायची, मूठ वळायची नाही. आईला वाटलं धुण्याभांड्यामुळे असेल. मग रक्ताच्या तपासणीत अँटी-सीसीपी (या आजाराची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आली, ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, वाढलेला. डॉक्टरांनी नीट समजावलं की हा म्हातारपणी सांधे झिजून होणारा संधिवात नाही, यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. तरी आजही कोणी ना कोणी विचारतंच, एवढ्या लहान वयात संधिवात कसा काय गं. मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, फॉलिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी, आणि ठरावीक काळाने सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या टेस्ट. महिनोन्महिने काही होत नाही, आपण विसरूनही जातो, आणि मग एक दिवस फ्लेअर येतो, आजार अचानक उसळतो.

2025 चा सीझन मुळातच अवघड होता. पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) मूर्तींवरच्या बंदीचं प्रकरण कोर्टात होतं, जूनमध्ये हायकोर्टाने मूर्ती बनवायला परवानगी दिली पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको म्हणून सांगितलं, आणि चतुर्थी होती 27 ऑगस्टला. म्हणजे मी जिथे जाते त्या कारखान्यात मोठ्या मूर्तींचं काम उशिरा सुरू झालं आणि सगळं जुलै-ऑगस्टमधे एकावर एक आलं. अशातच एका शुक्रवारी सकाळी उठले तर उजव्या हाताची बोटं सुजून गरम झालेली, मनगट हलेना. दुसऱ्या दिवशी एका मंडळाचं आगमन होतं आणि त्या मूर्तीचे डोळे बाकी होते, शिवाय घरगुती मूर्तींची अख्खी फळी माझ्यासाठी ठेवलेली.

गरम पाण्यात हात बुडवून बसले, आईने वेणी घालून दिली, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी थोड्या दिवसांचं स्टिरॉइड लिहून दिलं आणि पेनकिलर मनाने वाढवायची नाही असं बजावलं. मग घरूनच कारखान्यात फोन. हे मी नेहमी करते आणि यावर माझा ठाम विश्वास आहे, हात बिघडलाय हे सकाळी सांगायचं. सकाळी सांगितलं तर समोरचा माणूस काहीतरी व्यवस्था करू शकतो, संध्याकाळी सांगितलं तर तो अडकतो. आजाराबद्दल कळल्यावर एका ठिकाणाहून बोलावणं बंद झालं, त्याचं खूप वाईट वाटलं, अजून वाटतं, तरी मी सांगतेच.

भांडुपहून स्लो लोकल पकडली, दांड्याला कोपर अडकवून उभी राहिले, चिंचपोकळीला उतरले. कारखाना चालवणारे काका दारातच उभे होते. "अगं, हात दाखव बघू आधी." पाहिला आणि गप्प झाले. मग म्हणाले, "मोठी राहू दे, तू बसून जमतील तेवढे छोटे नग कर."

कोणालाही असंच वाटेल, की लहान काम सोपं. पण आखणीत उलटं आहे हो. घरगुती मूर्तीचा डोळा बोटभरसुद्धा नसतो, ट्रिपल झिरोचा अगदी बारीक ब्रश चिमटीत धरून बोटांच्या टोकांनी पापणीची रेघ ओढावी लागते, सुजलेल्या बोटांनी ती थरथरणारच. मोठ्या मूर्तीचा डोळा वीतभराहून मोठा, तिथे रेघ खांद्यातून येते. बोटांनी ब्रश नुसता धरून ठेवायचा. मनगटाला स्प्लिंट लावला तर मनगट आपोआप लॉक होतं आणि सगळा हात खांद्यातूनच फिरतो, म्हणजे त्या दिवशी मला जे हवं होतं तेच. मी म्हणलं, "काका, मोठी मी करते, छोटे त्या पोराला द्या."

तो पोरगा आर्ट स्कूलचा, गेल्या सीझनपासून माझ्याशेजारी बसून शिकतोय, डोळ्याचा पांढरा बेस आणि कडांची गुलाबी शेड तोच लावायचा. काका कां कूं करत होते, कारण गिऱ्हाईक डोळे बघूनच मूर्ती उचलतं आणि त्यांचं म्हणणं चूक नाहीच. मग पोराने त्यांच्यासमोर दोन मूर्ती करून दाखवल्या. डोळे थोडे टक लावल्यासारखे झाले होते, मी वरची पापणी बुबुळावर जरा उतरवायला सांगितली, तिसरी मूर्ती पाहून काका काही न बोलता आत गेले.

मला परांचीवर चढवायला दोन पोरं लागली, बांबू पकडता येत नव्हता. ब्रशच्या दांड्याला एसीच्या पाइपवरचं काळं फोम गुंडाळलं की मूठ पूर्ण वळावी लागत नाही, ते माझ्या पिशवीत कायम असतं. मोठ्या मूर्तीत मी एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे जात नाही. दोन्हीकडे आधी वरची रेघ, मग दोन्हीकडे बुबुळ, तपकिरी कडा, काळी बाहुली, असं टप्प्याटप्प्याने, कारण तासाभराने हात आणखी दुखला तरी त्याचा परिणाम दोन्ही डोळ्यांत सारखाच दिसेल. वरून तर काही कळतच नाही, नाकाएवढ्या अंतरावर नुसता रंग दिसतो. काका रस्त्यापलीकडे जाऊन उभे, तिथून ओरडतायत, "डावं बुबुळ किंचित खाली घे, माणूस खालून बघणारे!" मंडपात दर्शनाला आलेला माणूस पायाशी उभा असतो, नजर त्याच्यावर पडायला हवी, त्यामुळे बुबुळ मधोमध ठेवून चालत नाही.

दुपारी जेवणानंतर खूप दुखलं. रडू आलं, लपवलं नाही. परांचीवरच बसून राहिले, पोराने गरम पाण्याची पिशवी वर पाठवली. पुन्हा सुरू केलं तेव्हा भुवया राहिल्या होत्या आणि शेवटचा पांढरा ठिपका. तो दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, कारण उजेड एकाच बाजूने येतो, आणि तो ठिपका पडला की चेहरा आपल्याकडे बघायला लागतो. इतकी वर्षं करतेय, तरी त्या क्षणी अंगावर काटा येतो.

आगमनाला गेले नाही, झोपून होते. रविवार माझा मेथोट्रेक्सेटचा दिवस, सोमवारी मळमळतं, म्हणून सोमवारी मी कुठेच आखणी घेत नाही आणि हे सगळ्या कारखान्यांना माहितीये. सीझनमधे गोळी चुकवायचा मोह होतो. मी चुकवत नाही, कारण गोळी चुकली तर पुढच्या सीझनला हातच नसेल. खर्चाचं म्हणाल तर मेडिक्लेम निदानानंतर घेतला, आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पीरियड असतो, 2024 पासून तो जास्तीत जास्त 3 वर्षांचा, आधी 4 होता. पण माझ्या पॉलिसीत अ‍ॅडमिट झालो तरच पैसे, ओपीडी आणि दर वेळच्या रक्त तपासण्या खिशातूनच. म्हणून आखणीच्या पैशातला एक हिस्सा घरी आला की लगेच वेगळा काढते.

अनंत चतुर्दशी झाल्यावर हिशोबाला गेले. पोराने केलेल्या नगांचे पैसे त्याच्याच नावाने लावा म्हणलं, माझ्यातून त्याला द्यायचे नाहीत. आणि पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरवू, मोठ्या मूर्ती कधीही सांगा, छोट्या मात्र दुपारनंतरच, सकाळी माझी बोटं उघडायला वेळ लागतो. काकांनी वही काढली, पोराचं नाव वेगळ्या पानावर लिहिलं आणि विचारलं, "दुपारनंतर म्हणजे किती वाजता, दोन लिहू की तीन?" म्हणलं, "दोन लिहा."