इंजेक्शन द्यायला थिअरी कशाला लागते?

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांची मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. जिन्यात भेटले की त्यांचा एकच प्रश्न असतो, "सिस्टर, पोरगी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेंडरसन, ओरेम, पेपलाऊ असली नर्सिंगच्या थिअरीवाल्यांची नावं घोकत बसते. इंजेक्शन द्यायला, सलाईन लावायला हे कशाला लागतं हो?" हाच प्रश्न मला माझ्या भावाने विचारलाय, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बायकांनी विचारलाय, आणि एकदा एका तरुण डॉक्टरांनीही विचारलाय, गालातल्या गालात हसत. भाजीची पिशवी हातात धरून याचं उत्तर देता येत नाही. "लागतं, काका" एवढं म्हणून मी वर येते. म्हणून आज नीट बसून लिहिते.

इंजेक्शन द्यायला थिअरी लागत नाही, हे आधीच कबूल करते. शे-दोनशे दिली की हात बसतो. पण इंजेक्शन देऊन झाल्यावर पेशंटच्या खाटेपाशी उभं राहिलं की प्रश्न पडतो, आता याचं काय बघायचं? डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये औषध असतं, डोस असतो, वेळ असते. हा माणूस कुशीवर कसा वळेल, संडासला कसा जाईल, रात्री त्याला झोप का लागत नाही, हे त्यात नसतं. ते सिस्टरनं बघायचं. आणि बघायचं म्हणजे कुठे बघायचं, हे आपोआप कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात लागले, मेल मेडिकल वॉर्डात. चाळीस खाटा, शिवाय खाली गाद्या टाकून आणखी दहाबारा. सकाळी आम्ही तिघी, नाईटला एकटी. तिथे एक गवंडी ॲडमिट झाले, पंचावन्नच्या आसपासचे. अर्धांगवायू. उजवी बाजू गेलेली आणि वाचाही. दोन्ही बरोबर जाणं नेहमीचंच, कारण बहुतेकांचं बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असतं आणि शरीराची उजवी बाजू तोच भाग हलवतो. त्यांना कळत होतं सगळं. फक्त शब्द येत नव्हता.

पहिले आठ दिवस बायको भरवायची. मग तिला दोन दिवस गावी जावं लागलं आणि ताट जसंच्या तसं परत जायला लागलं. गिळण्याचा त्रास नव्हता. ताठ बसवून चमचाचमचा पाणी देऊन आम्ही ते तपासलं होतं, ठसका लागत नव्हता. रिपोर्ट बुकात तिन्ही पाळ्यांनी लिहिलं, 'पेशंट जेवत नाही.'

आता हेंडरसनबाईंचं एक वाक्य आम्हाला पाठ होतं. व्हर्जिनिया हेंडरसन अमेरिकन, 1897 ते 1996 असं जवळजवळ शंभर वर्षांचं आयुष्य. त्यांनी परिचारिकेच्या कामाची जी व्याख्या केली तिचा गाभा असा: ताकद, इच्छा आणि ज्ञान असतं तर माणसानं स्वतःचं स्वतः जे केलं असतं, ते करायला त्याला मदत करायची, आणि तीही अशी की लवकरात लवकर त्याला आपली गरज उरू नये. श्वास, खाणंपिणं, झोप, कपडे, अंगाची स्वच्छता, अगदी आपल्या श्रद्धेप्रमाणे देवाचं करणं, अशा 14 गरजा त्यांनी मांडल्या. आणि माणूस बरा होणार नसेल तर त्याला शांत मरण यावं, हेही त्या व्याख्येतच घातलं.

ताकद, इच्छा, ज्ञान. मी मनातल्या मनात तिन्ही खुणा करून पाहिल्या. डाव्या हातात ताकद होती. जेवायचं कसं, हे माहीत होतं. मग उरली इच्छा. मी लिहून मोकळी झाले, 'जेवणाची इच्छा नाही.' राउंडला डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत बघा, नाहीतर राईल्स ट्यूब टाकू. म्हणजे नाकातून पोटात नळी.

संध्याकाळी ताटं उचलायला आलेल्या मावशी ते ताट बघून थबकल्या. "अहो सिस्टर, गळ्यात माळ आहे त्यांच्या. डाव्या हातानं घास कसा घेतील?"

मला आजही तो क्षण आठवला की कान गरम होतात. आठ दिवस मी त्या माणसाचं स्पंजिंग केलं होतं. ती तुळशीची माळ बाजूला करून गळा पुसला होता. आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं की त्यांचा जो हात शाबूत आहे तो जेवणाचा हात नाही. सांगायला वाचा नव्हती. बायको तिच्या उजव्या हातानं भरवत होती, म्हणून आठ दिवस प्रश्नच आला नव्हता.

मावशींनीच चमचा आणला. मी खाटेला हिरवा पडदा लावला. त्यांनी चमचा डाव्या हातात धरला, बराच वेळ नुसता धरून बसले. मग मी उठून पलीकडच्या खाटेचं बीपी घ्यायला गेले. परत आले तेव्हा वरणभात संपला होता.

तुम्ही म्हणाल, बघा, चौथीपर्यंत शिकलेल्या मावशींना कळलं, थिअरीवालीला नाही. बरोबर आहे. मीही तेव्हा हेच म्हणाले होते आणि पुढे दोनेक वर्षं पुस्तकांना नावं ठेवण्यासाठी हाच किस्सा सांगत होते. पण मावशींची ड्युटी आठला संपायची आणि त्यांचं शहाणपण त्यांच्याबरोबर घरी जायचं. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या 1859 सालच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण याच मुद्द्यावर आहे: तुम्ही हजर असताना जे होतं, ते तुम्ही नसतानाही होईल याची व्यवस्था काय? ती नसेल तर बाकीच्या सगळ्या सेवेवर पाणी पडतं, असं त्यांचं म्हणणं. त्या रात्री मी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, रिपोर्ट बुकात लिहिलं, 'डाव्या हाताने चमचा. पडदा लावून जेवायला देणे. भरवू नये.' नाईटच्या सिस्टरला मावशी भेटल्या नव्हत्या, पण हे मिळालं. माझ्या आधी त्या वॉर्डात अशी किती ताटं परत गेली असतील आणि किती नळ्या पडल्या असतील, देव जाणे.

आणि पुढच्या पेशंटचं काय? पुढचा माळकरी नसेल, त्याची अडचण वेगळीच असेल. इथे मॅडलिन लायनिंगर कामी येतात. मी त्यांना उशिरा वाचलं, पोस्ट बेसिकला, म्हणजे डिप्लोमानंतरच्या बीएस्सीला. 1950 च्या दशकात सिनसिनाटीमध्ये मुलांच्या मानसोपचार केंद्रात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या समाजांतून आलेली मुलं एकाच प्रकारच्या काळजीला वेगवेगळा प्रतिसाद देतात, आणि का, ते आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही. या बाई मग मानववंशशास्त्र शिकल्या आणि न्यू गिनीत गॅडसप लोकांमध्ये जाऊन राहिल्या. त्यांच्या मते पेशंटच्या रीतीभातीपुढे सिस्टरला तीन वाटा असतात. रीत चांगली असेल तर जपायची. अडचण होत असेल तर दोन्हीकडून थोडं सरकून मधला मार्ग काढायचा. आणि अपाय होत असेल तर पेशंटला बरोबर घेऊन ती बदलायची. आमचा चमचा ही मधली वाट. वाचताना मी वहीच्या समासात 'मावशी' एवढंच लिहिलं. तेव्हापासून पेशंट घेताना मी एक प्रश्न विचारतेच, "घरी जेवायला कसे बसता?" मावशींना जे डोळ्यांनी दिसलं, ते न दिसणाऱ्या माझ्यासारखीला विचारून घेता यावं, एवढी सोय पुस्तकानं केली.

गोष्ट इथे संपली नाही. दोन दिवसांनी बायको परत आली, नवऱ्याच्या हातात चमचा बघितला आणि माझ्यावर चिडली. "मी असताना त्यांनी का त्रास घ्यायचा?" चमचा काढून घेतला आणि भरवायला बसली.

आपल्याकडे माया दाखवण्याची हीच रीत आहे. आजारी माणसाला पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचा नाही. सेवा या शब्दातच 'दुसऱ्यासाठी करणं' आहे, आणि मीही त्याच शब्दावर वाढले होते. पहिल्या आठ दिवसांत त्यांची बटणंसुद्धा मीच लावत होते आणि स्वतःवर खूश होते. डोरोथिया ओरेम यांनी हा आनंद घालवला. माणसाला सिस्टर नेमकी कधी लागते, हा त्यांचा मूळ प्रश्न. आजारी पडल्यावर लागते, असं सोपं उत्तर त्यांनी दिलं नाही. स्वतःचं करण्याची गरज आणि स्वतःचं करण्याची क्षमता यांत तूट पडते तेव्हा लागते, आणि तुटीएवढीच लागते. 1971 च्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा हा. बेशुद्ध पेशंटचं सगळं आपण करायचं. अर्धं जमतंय त्याचं अर्धं करायचं. ज्याला हातानं जमतंय पण शिकायला हवं, त्याच्याजवळ हात मागे बांधून उभं राहायचं आणि शिकवायचं.

हात मागे बांधून उभं राहणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. एक बटण लावायला माणूस चार मिनिटं घेतो आणि आपल्याला अजून पस्तीस खाटा बघायच्या असतात. भरवणं दहा मिनिटांत उरकतं, स्वतः जेवू देणं पाऊण तास खातं. म्हणून बाहेरून बघणाऱ्याला भरवणारी सिस्टर मायाळू वाटते आणि नुसती उभी राहणारी आळशी.

गवंड्यांच्या बायकोला मी थिअरी सांगितली नाही. विचारलं, "घरी गेल्यावर तुम्ही मजुरीला जाणार ना? दुपारी कोण भरवणार?" त्या काही बोलल्या नाहीत. मग तीन दिवस आम्ही दोघी मिळून, चमचा त्यांच्या हातात देऊन, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायचो. शर्ट घालताना लुळा हात आधी बाहीत, चांगला नंतर, आणि काढताना उलटं, हे त्या माझ्याआधी शिकवायला लागल्या.

बाकीच्यांचं थोडक्यात. नाइटिंगेलबाईंचं पुस्तक तर मी काकांनाच वाचायला देईन, कारण ते नर्सेससाठी लिहिलेलंच नाही. घरात आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांसाठी आहे. 'वारं लागेल' म्हणून खिडक्या बंद करणाऱ्यांना त्या विचारतात, रात्री रात्रीची हवा नाही घ्यायची तर कुठली घ्यायची? आणि 'तुम्हाला काही होत नाही हो' असं म्हणत खाटेभोवती गोळा होणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पाचच्या भेटीच्या वेळेत शहाळी घेऊन येणारे आणि शेजारच्याचं ऑपरेशन कसं बिघडलं ते पेशंटलाच रंगवून सांगणारे आपले नातेवाईक त्यांनी बघितले नव्हते. त्या भारतात कधी आल्याच नाहीत.

हिल्डेगार्ड पेपलाऊ यांचं पुस्तक 1952 साली निघालं. बरोबर डॉक्टरचं नाव नाही म्हणून ते काही वर्षं रखडलं होतं, हे मी विद्यार्थिनींना मुद्दाम सांगते. त्या म्हणतात, पेशंटपुढे सिस्टर पहिल्यांदा येते ती परकी म्हणून. आपण पहिल्या मिनिटाला 'आजोबा' म्हणून मोकळे होतो आणि वाटतं, नातं जुळलं. पण परक्या माणसाला जो मान देतो, विचारून हात लावतो, तो त्या 'आजोबा'मध्ये हरवतो कधीकधी. गंमत म्हणजे आपल्या 'शुश्रूषा' शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. पेपलाऊंचं अर्धं पुस्तक त्यात बसेल.

सगळंच भारी आहे असं नाही. बहुतेक थिअऱ्या अशा देशातल्या, जिथे एका सिस्टरकडे मोजके पेशंट असतात. चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटीनं नाईट करणारीला ओरेम सांगायला गेलं तर ती ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट फेकून मारेल, आणि मी तिला दोष देणार नाही. तिच्याकडून पाऊण तास मागायचा तर आधी तिच्या जोडीला माणूस द्यायला हवा. परीक्षेपुरते केअर प्लान, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची याचे लेखी आराखडे, एकमेकींचे उतरवले जातात. पेशंट बदलतो, प्लान तोच. मार्था रॉजर्स यांची 1970 सालची थिअरी माणूस आणि भोवताल यांना ऊर्जेची क्षेत्रं मानते. ती मी तीन वेळा शिकवली, आणि तिसऱ्यांदाही फळ्याकडे बघूनच.

परवा काकांची मुलगी केअर प्लान तपासून घ्यायला वर आली. पेशंट मांडीचं हाड मोडलेल्या आजी. पहिलंच पान वाचलं: चालता येत नाही, आंघोळ करता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, अशी नऊ वाक्यं, नऊच्या नऊ 'येत नाही'ची. मी विचारलं, "आजींना काय येतं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वेणी घालतात. स्वतःची घालून झाली की शेजारच्या खाटेवरच्या बाईंची पण."

"ते कुठे लिहिलंयस?"

तिनं माझ्याच टेबलावरचं पेन उचललं.