मधे बोलणारी बाई

मंगळवार, रात्री

निशाचा फोन आला होता. "मावशी, मिडलमार्च मस्त चाललीय. डोरोथिया आत्ता रोमला पोचली. फक्त ती लेखिका मधे मधे बोलत बसते ना, ते मी गाळते. गोष्ट कुठे अडत नाही." मी बरं म्हटलं, बाळाचा खोकला कसा आहे विचारलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. एवढं का लागावं मला? ही कादंबरी लिहिणारी जॉर्ज इलियट १८८० सालीच गेली. तिचं कोणी काय गाळलं याचं मी वाईट वाटून घ्यायचं काय कारण?

गोष्ट अडत नाही हे खरंच आहे. डोरोथियाचं लग्न, डॉक्टर लिडगेटचं कर्ज, बँकवाल्या बुलस्ट्रोडचं दडवलेलं जुनं प्रकरण, सगळं लेखिकेच्या बोलण्यावाचून कळतं. पण रोममध्ये डोरोथिया एकटी रडत बसते, तिथे ती बाई थांबून म्हणते की साध्या माणसांच्या साध्या आयुष्यातलं सगळं आपल्याला जाणवायला लागलं, तर ते गवत वाढताना ऐकू यावं, खारीच्या काळजाचे ठोके ऐकू यावेत, तसं होईल. आणि शांततेच्या पलीकडच्या त्या गर्जनेनं आपण मरून जाऊ. म्हणजे निशानं हेही गाळलं असणार. खारीचं काळीज गाळलं पोरीनं!

नाना असते तर त्यांना लगेच सांगितलं असतं. आता कोणाला सांगू? या घरात पुस्तकाबद्दल बोलायला कोणी उरलं नाही. पुस्तकाबद्दलच कशाला.

झोप येईना म्हणून २९वं प्रकरण काढलं. सुरुवात अगदी नेहमीसारखी. लोविकला, म्हणजे नवऱ्याच्या घरी, आल्यावर काही आठवड्यांनी एके दिवशी सकाळी डोरोथिया... आणि तिथेच बाई स्वतःचं वाक्य तोडते. पण दर वेळी डोरोथियाच का? या लग्नाकडे बघायची तिची एकटीचीच नजर आहे का? तोवर या लग्नाच्या गोष्टीत आपण डोरोथियाचा हात धरून चाललेलो असतो. तिचा विद्वान नवरा कॅसॉबन कोणालाच आवडत नाही. तिच्या बहिणीला, सिलियाला, त्याच्या चेहऱ्यावरचे पांढरे मस खुपतात, त्याची डोळ्यांची उघडझाप खुपते. वाचताना आपल्यालाही खुपते. इलियट तेच मस, तीच उघडझाप पुन्हा समोर ठेवते आणि म्हणते, हे असूनही या माणसाच्या आत तीव्र जाणीव होती, त्याचा जीवही आपल्या सगळ्यांसारखाच भुकेला होता. आणि पुढे सरळ सांगून टाकते, मला तर त्याचं फार वाईट वाटतं. एवढी विद्या, आणि तिचा आनंद मात्र नाही.

'मला' म्हणते ती. मी किती वेळा या शब्दापाशी थांबले असेन.

हे वाचलेलं असलं की ४२वं प्रकरण वेगळंच दिसतं. लिडगेट कॅसॉबनला त्याच्या हृदयाच्या दुखण्याबद्दल सांगून गेलेला असतो. डोरोथिया बागेत येते, त्याच्या हातात हात अडकवू बघते. तो हात पाठीमागे बांधून तसाच ताठ राहतो. तिला काय वाटलं असेल ते कळतंच. पण तो ताठ हात भेदरलेल्या माणसाचा आहे, हेही आपल्याला कळतं, कारण कोणीतरी आधी आपलं तोंड त्याच्याकडे वळवलेलं असतं.

कादंबरीकार हेन्री जेम्सनं १८८४च्या निबंधात ट्रोलप या दुसऱ्या कादंबरीकाराला धारेवर धरलं होतं. मधेच वाचकाशी बोलून, हे सगळं खोटं-खोटं चाललंय, अशी कबुली देऊन टाकतो म्हणून. ट्रोलपपुरतं मला ते पटतं. 'बार्चेस्टर टॉवर्स'मध्ये एलिनॉर कोणाकोणाशी लग्न करणार नाही हे तो आधीच सांगून मोकळा होतो. थॅकरे तर 'व्हॅनिटी फेअर'च्या शेवटी, पात्रं म्हणजे बाहुल्याच असल्यासारखं, बाहुल्या पेटीत घालायला सांगतो. इलियट तसलं काही करत नाही. तिची माणसं तिच्यासाठी शेवटपर्यंत माणसंच आहेत. ती मधे बोलते ती आपल्याशी, आपण कोणावर तरी अन्याय करायला लागलो की.

नानाही असंच करायचे. वहिनींचा विषय निघाला आणि माझा आवाज चढला, की माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणायचे, थांब, तिच्या जागी जाऊन बघ. मला राग यायचा. आता सगळे माझं पुरतं ऐकून घेतात, "हो ना" म्हणतात. वाड्याचं एवढं झालं तेव्हाही म्हणाले. ते जाऊ दे.

१५व्या प्रकरणात इलियटला जुन्या कादंबरीकार फील्डिंगची आठवण येते. त्याची 'टॉम जोन्स' कादंबरी १७४९ची. तिचे अठरा भाग, आणि प्रत्येक भागाचं पहिलं प्रकरण त्यानं नुसतं वाचकाशी गप्पा मारायला ठेवलेलं. इलियट म्हणते, तेव्हा उन्हाळ्याच्या दुपारी ऐसपैस असायच्या, हिवाळ्याच्या संध्याकाळी घड्याळ हळू चालायचं. आम्हाला तसं रेंगाळून चालायचं नाही. हे ती म्हणते १८७१-७२मध्ये! निशा तर ठाण्याच्या लोकलमध्ये उभ्यानं मोबाइलवर वाचते, घरी गेल्यावर बाळ हातात काही धरू देत नाही. तरी आठशे पानांची कादंबरी हातात घेतलीय तिनं. घेईल तेवढं घेईल.

शिवाय सगळं काही तिला गाळता यायचं नाही. परिच्छेद डोळ्यांनी ओलांडता येतो, पण २९व्यात बाई वाक्याच्या मधेच बोलते. 'आपल्या सगळ्यांसारखाच' हे शब्द पांढऱ्या मसांच्याच वाक्यात आहेत. कळायच्या आत वाचून झालेले असतात.

मी तिला काही सांगणार नाही. आणि एवढं करून तिला कॅसॉबन नाहीच आवडला, तर नाही आवडला. आम्ही डोरोथियाबद्दल बोलू. तिच्याबद्दलही कितीतरी बोलायचंय मला.