दिल्लीचे तीन दिवस: आधी वार ठरवा, मग तिकीट काढा

दिल्लीत सोमवारी उतरू नका. लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रपती भवनाची बाग, गांधी स्मृती, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, अलीपूर रोडवरचं बाबासाहेबांचं स्मारक हे सगळं सोमवारी बंद असतं. उघडे राहतात ते कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा आणि इंडिया गेट. रविवारी सगळं उघडं, पण गर्दी फार आणि चांदनी चौकातली बरीच दुकानं बंद. म्हणून वर्धा-यवतमाळकडच्या आमच्या मंडळींनी सोमवारी घर सोडलं, मंगळवारी सकाळी दिल्ली गाठली, मंगळ-बुध-गुरू फिरणं केलं आणि गुरुवारी रात्री परतीची गाडी धरली. शुक्रवारी दुपारी नागपूर. गावाकडून तीन दिवसांसाठी जाणाऱ्याला यापेक्षा सोयीचा आठवडा बसत नाही.

महिना फेब्रुवारी, पहिला किंवा दुसरा आठवडा. ऑक्टोबर सोयाबीनमध्ये जातो, त्यानंतर जानेवारीपर्यंत कापसाची वेचाई आणि तूर. हरभरा, गहू सोंगायला फेब्रुवारीचा शेवट उजाडतो. मधले हे दहा-पंधरा दिवस कास्तकाराला जरा मोकळे मिळतात. दिल्लीकडूनही हेच दिवस बरे. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं इतकं पडतं की गाड्या तासन् तास उशिरा पोहोचतात आणि तीन दिवसांतला अर्धा दिवस गाडीतच जातो. 26 जानेवारीच्या आधी तालमींसाठी कर्तव्यपथ वरचेवर बंद ठेवतात. नोव्हेंबरात हवा खराब असते, दमेकऱ्यांना नेऊच नये. 15 ऑगस्टच्या आधीचे काही आठवडे लाल किल्ला बंद असतो. एप्रिल-मेचं ऊन आपल्याला नवं नाही, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन दगडी अंगणातून दुपारी फिरणं तिथेही जमत नाही. फेब्रुवारीत पहाटे चांगलीच थंडी असते. स्वेटर, कानटोपी आणि एक शाल माणशी धराच.

आता तिकीट. दक्षिणेकडून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या वर्धा जंक्शनला येत नाहीत, त्या सेवाग्रामवरून नागपूरला जातात. मोबाइलवर "वर्धा ते नवी दिल्ली" शोधलं की या गाड्या दिसत नाहीत आणि माणसाला वाटतं गाडीच नाही. "सेवाग्राम" टाकून पाहा. जी.टी. (ग्रँड ट्रंक) एक्सप्रेस बल्लारशा, चंद्रपूर, सेवाग्राम, नागपूर अशी थांबत जाते. तेलंगणा एक्सप्रेस दुपारी नागपूर सोडते. दोन्ही दुसऱ्या दिवशी सकाळी नवी दिल्लीला लागतात. दक्षिण एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनला जाते, नवी दिल्लीला नाही. खोली नवी दिल्ली स्टेशनजवळच्या पहाडगंजला घेतली असेल तर हे आधी पाहावं. अकोला-बुलढाण्याकडच्यांनी नागपूरला उलटं येऊ नये, भुसावळहून दिल्लीच्या गाड्या भरपूर आहेत.

आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या हातून निसटते: हे दिवस तुमच्या स्टेशनपासून नाही, गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेपासून मोजतात. जी.टी. चेन्नईकडून संध्याकाळी निघून आपल्याकडे दुसऱ्या दिवशी येते. म्हणजे तुमचा प्रवास 10 तारखेचा असेल तर गाडीची तारीख 9, आणि गाडीच्या आदल्या दिवशी उघडणारं तिचं तत्काळ 8 तारखेला. 9 तारखेला सकाळी रांगेत उभं राहिलात तर तिकीट आदल्या दिवशीच संपलेलं असतं. तेलंगणा एक्सप्रेस हैदराबादहून त्याच दिवशी पहाटे निघते, तिला हा फरक लागत नाही. तत्काळ एसीसाठी सकाळी 10 ला, स्लीपरसाठी 11 ला उघडतं, आणि ऑनलाइन तत्काळ काढायला आयआरसीटीसीचं (रेल्वे तिकिटाच्या साइटचं) खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं. हे जोडणं घरी निवांत करून ठेवा, ऐन 11 च्या ठोक्याला ओटीपीची वाट पाहत बसायची वेळ येऊ नये.

एका तिकिटावर सहा माणसं बसतात, तत्काळच्या तिकिटावर चारच. आठ-दहा जण असाल तर दोन-तीन तिकिटं करावी लागतात, ती करतानाच म्हाताऱ्यांची वेगळी करा. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर दोघांपर्यंतच चालतो. आजी-आजोबांना सहाच्या तिकिटात घातलं की तो कोटा हातचा जातो आणि मग आजोबा वरच्या बर्थवर. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती गृहीत धरून पैशाचा हिशोब करू नका. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागेपर्यंत वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं. ते दाखवून गाडीत चढता येत नाही.

शिदोरी पहिल्या रात्रीपुरती पोळी-भाजी आणि दुसऱ्या सकाळी दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी एवढी पुरते. सामान मात्र कुलूप लागेल अशाच बॅगेत भरा. हॉटेलची खोली बहुधा दुपारी 12 ला मिळते आणि गाडी सकाळी लागते. मधल्या वेळात सामान स्टेशनच्या क्लोकरूमला ठेवता येतं, पण तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. कापडी पिशव्या आणि गाठोडी घेऊन गेलात तर ती दिवसभर खांद्यावर. क्लोकरूमला प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, मोबाइलमधला मेसेज पुसू नका.

नवी दिल्ली स्टेशनला दोन बाजू आहेत. 1 नंबर फलाटाकडची पहाडगंज, 16 नंबरकडची अजमेरी गेट. मेट्रो अजमेरी गेटकडे. पहाडगंजकडे बाहेर पडताच "तुमचं हॉटेल बंद झालं", "आज मेट्रो बंद आहे" असं सांगणारे भेटतात. उत्तर न देता पुढे चालायचं, आणि खोली ठरवली असेल तर हॉटेलला स्वतः फोन करायचा. स्वस्त खोल्या पहाडगंज आणि करोलबागेत. दोघांपैकी करोलबाग जरा शांत, पहाडगंज स्टेशनला जवळ. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ आधार कार्ड जवळ हवं. महाराष्ट्र सदन दोन आहेत, जुनं कोपर्निकस मार्गावर आणि नवं कस्तुरबा गांधी मार्गावर. तिथल्या खोल्या आधी लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांना मिळतात, त्यांच्या भरवशावर बेत आखू नये.

दिल्ली मेट्रो एकदा समजली की अर्धी दिल्ली सोपी होते. भाडं 11 रुपयांपासून 64 रुपयांपर्यंत. माणशी एक कार्ड किंवा एक तिकीट लागतं. एकाच कार्डावर मागोमाग दोघांना जाता येत नाही. दार पहिल्यासाठी उघडतं आणि दुसरा अलीकडे अडकतो. जाताना लावलेलं कार्डच बाहेर पडताना लावायचं, म्हणून कार्डं आपसात बदलू देऊ नका. प्रत्येकाच्या कार्डावर पेनाने नाव लिहिलं की भानगड राहत नाही. आत गारवा आहे म्हणून बसून राहायचं नाही: आत शिरल्यापासून ठरावीक वेळेत बाहेर पडावं लागतं, नाहीतर जादा पैसे कापतात. पहिला डबा बायकांचा. गर्दीत मंडळी दोन डब्यांत विभागली जाणारच, तेव्हा कोणत्या स्टेशनला उतरायचं ते प्रत्येकाला आधी सांगून ठेवा आणि उतरल्यावर फलाटावरच जमा, जिना चढून वर नको. आणि खर्रा (तंबाखू-सुपारी). मेट्रोत थुंकलं तर दंड आहे, तपासणीही कडक. अडकित्ता, चाकू, लायटर खोलीवरच ठेवा.

मंगळवार, जुनी दिल्ली. मेट्रोच्या पिवळ्या मार्गावर नवी दिल्लीहून सिव्हिल लाइन्स चौथं स्टेशन. तिथून ई-रिक्षाने 26, अलीपूर रोड. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं ते हे ठिकाण. आताचं स्मारक 2018 मध्ये खुलं झालं, इमारतीचा आकार उघडलेल्या ग्रंथाचा. ज्यांच्या घरातून दर वर्षी दीक्षाभूमीला जाणं होतं त्यांनी दिल्लीची सुरुवात इथूनच करावी. दीड-दोन तास ठेवा, घाई करू नका. तिथून कश्मीरी गेटला येऊन जांभळा मार्ग पकडला की पुढचंच स्टेशन लाल किल्ला. आत दोन-अडीच तास लागतात. दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास सगळेच पाहतात, पण इंग्रजांच्या बराकींत 2019 मध्ये सुरू झालेलं नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं संग्रहालय सोडू नका. त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले 1945-46 मध्ये याच किल्ल्यात चालले. 15 वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर तिकीट नाही, पण वयाचा पुरावा जवळ ठेवा. बाहेर पडलं की समोर चांदनी चौक. गर्दीत खिसा सांभाळा, खरेदी शेवटच्या दिवसावर ठेवा.

बुधवार, दक्षिण दिल्ली. पिवळ्याच मार्गावर कुतुबमिनार स्टेशन, मिनार तिथून दीड-दोन किलोमीटर, ऑटो करावी. सकाळी लवकर गेलात तर रांग नसते. मिनार 72.5 मीटर उंच, आत 379 पायऱ्या, पण 1981 च्या चेंगराचेंगरीनंतर वर सोडत नाहीत. "वर नेतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अंगणातला लोखंडी स्तंभ गुप्तांच्या काळातला, सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा आणि तरी गंजून गेलेला नाही. परत मेट्रोने हौज खास, तिथे मजेंटा मार्गाने कालकाजी मंदिर, आणि चालत लोटस टेंपल. दुपारी दोननंतर दोन वाटा आहेत: जांभळ्या मार्गाने जवाहरलाल नेहरू स्टेडियमला उतरून हुमायूनचा मकबरा, किंवा अक्षरधाम. दोन्ही एका दुपारी कोंबू नका. घरात भाविक माणसं असतील तर अक्षरधाम, कारण संध्याकाळचा पाण्याचा खेळ त्यांना आवडतो. तिथे मोबाइल आत नेता येत नाही, तो जमा करावा लागतो. म्हणून चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. एरवी माझं मत मकबऱ्याला. ताजमहालाच्या आधी बांधलेला आणि त्याची पूर्वतयारी वाटावी असा, शिवाय बसायला मोठी बाग.

गुरुवार, केंद्रीय सचिवालय स्टेशन. राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये खुलं असतं, प्रवेश फुकट, पण वेळेची नोंदणी राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर आधी करून ठेवावी. 35 नंबरच्या फाटकातून आत सोडतात. डबे, छत्र्या नेऊ नका. नंतर 30 जानेवारी मार्गावरची गांधी स्मृती. सेवाग्रामची बापूकुटी पाहिलेल्या माणसाला इथली ती बाग आणि बापूंच्या शेवटच्या पावलांच्या खुणा वेगळ्याच भिडतात. संध्याकाळी इंडिया गेट आणि त्याच्यालगतचं राष्ट्रीय समर स्मारक, तेही फुकट. तिथल्या विटांवर शहीद जवानांची नावं कोरली आहेत. गावातला कोणी असेल तर नाव, पलटण आणि वर्ष लिहून न्या, शोधायला सोपं जातं.

शेतीची आवड असलेल्यांनी पुसा संस्थेच्या (भारतीय कृषी संशोधन संस्था) कृषी विज्ञान मेळ्याच्या तारखा पाहून घ्याव्यात, तो बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन दिवस भरतो. तारखा जुळल्या तर गांधी स्मृतीनंतरचा वेळ तिकडे द्या. एरवी पुसा परिसरातलं कृषी विज्ञान संग्रहालय आहे. अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी कृषिमंत्री असताना 1959-60 चं जागतिक कृषी प्रदर्शन याच शहरात उभं केलं होतं, हे पोरांना सांगायला ही जागा चांगली.

ताजमहाल पाहायचाच असेल तर तो दिल्लीनंतर ठेवू नका. वरच्या क्रमात चौथा दिवस शुक्रवार येतो आणि शुक्रवारी ताज बंद. त्याऐवजी जातानाच आग्रा कँटला उतरा. गाडी पहाटे किंवा त्याआधी लागते, उजाडेपर्यंत प्रतीक्षालयात थांबा. ताज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो. आत जायला 50 रुपये, मुख्य समाधीसाठी वरून 200. दुपारी आग्र्याहून दिल्लीची गाडी, अंतर दोनशे किलोमीटरच्या आतलं. तिकिटं दोन वेगळी काढावी लागतात: सेवाग्राम किंवा नागपूर ते आग्रा, आणि आग्रा ते दिल्ली. फिरणं मग बुध-गुरू-शुक्र, आणि परतीची गाडी शुक्रवारी रात्री.

परतीला रात्री सुटणारी तामिळनाडू एक्सप्रेस बरी, दिवसभराचं फिरणं वाया जात नाही. ती सेवाग्रामला थांबत नाही, नागपूरला उतरून गणेशपेठ बसस्थानकावरून यवतमाळ-वर्ध्याची एसटी धरायची. स्टेशनवर गाडीच्या दीड तास आधी पोहोचा. नवी दिल्लीला सामान तपासणीची रांग लांब असते, फलाट ऐनवेळी बदलतो, आणि 1 नंबरवरून 16 नंबरला सामानासकट जायला वीस मिनिटं सहज लागतात.