चाउशेस्कूच्या बाल्कनीखाली

बुखारेस्टच्या क्रांती चौकातली ती बाल्कनी फोटोंवरून वाटते तेवढी उंच नाहीच. खाली उभं राहिलं की वरच्या माणसाचा चेहरा स्पष्ट दिसेल, इतकी ती जवळ आहे. तेव्हा ही कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीची इमारत होती, आता तिथे गृहखातं आहे.

21 डिसेंबर 1989 रोजी रोमानियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू इथून बोलला. तिमिशोआरा शहरात निदर्शकांवर गोळीबार होऊन गेला होता आणि 'सारा देश माझ्या पाठीशी आहे' हे त्याला दाखवायचं होतं. मग नेहमीचा प्रयोग लागला: कारखान्यांतून कामगार आणा, हातात फलक द्या, टीव्हीवर थेट प्रक्षेपण करा. काही मिनिटांतच गर्दीत आरडाओरडा सुरू झाला. चाउशेस्कू बोलता बोलता थांबला, गोंधळला, शांत राहा म्हणून हात हलवू लागला. प्रक्षेपण तुटलं, पण तो गोंधळलेला चेहरा तोवर देशभर दिसून गेला होता. पुन्हा बोलायला लागल्यावर त्याने काय जाहीर करावं? पगारवाढ!

त्या चौकात मी बराच वेळ रेंगाळलो. या राजवटीची सगळी हिकमत माणसांना एकमेकांपासून तोडण्यात होती. घरच्या टाइपरायटरची पोलिसांकडे नोंद करावी लागे, परदेशी माणसाशी बोललात तर कळवावं लागे, आणि शेजारी 'सिक्युरिताते'चा, म्हणजे गुप्त पोलिसांचा, खबऱ्या असेल ही धास्ती कायमची. घाबरलेल्या माणसाला समोरचाही तितकाच चिडलाय हे कळायला मार्गच नव्हता. त्या दिवशी तो मार्ग सरकारनेच खुला केला, तोही सरकारी खर्चाने.

चौकाला लागूनच सिक्युरितातेच्या एका जुन्या इमारतीच्या पडक्या विटांच्या भिंती आहेत. त्यांच्या आतून काचेचा नवा मनोरा वर काढलाय. दिसायला विचित्र, पण मला आवडला.

चाउशेस्कूने बांधायला घेतलेल्या संसदेच्या राजवाड्यात शिरताना पासपोर्ट दाखवावा लागतो आणि गाईडशिवाय आत सोडत नाहीत. संगमरवर, झुंबरं, गालिचे, पुन्हा संगमरवर. तिसऱ्या दालनानंतर मला कंटाळा आला. त्यापेक्षा बाहेर मिहाई वोदा चर्च शोधा. या बांधकामासाठी उरानुस भागातली जुनी वस्ती जमीनदोस्त केली, तेव्हा हे चर्च रुळांवरून सरकवून दूर नेलं. आज ते फ्लॅटच्या इमारतींमागे दडलंय. शेजारून गेलात तरी दिसणार नाही, अशा बेताने.

हे बांधकाम चालू होतं, त्याच काळात देश उपाशी होता. सत्तरच्या दशकात कारखान्यांसाठी परदेशी कर्ज काढलं आणि ऐंशीच्या दशकात ते सगळं फेडायचा हट्ट धरला. मांस-धान्य निर्यातीला, घरी रेशनच्या रांगा, हिवाळ्यात हीटर कोमट, टीव्ही दिवसाला जेमतेम दोन तास. 1989 मध्ये कर्ज खरोखरच फिटलं. पण त्याच वर्षी पोलंडपासून बल्गेरियापर्यंत सोबतच्या राजवटी कोसळल्या, आणि मॉस्को कुणासाठीही रणगाडे पाठवायला तयार नव्हतं. तरीही माझ्या मते निर्णायक ठरलं ते सैन्य. 22 तारखेला सकाळी संरक्षणमंत्री वासिले मिलिया गोळी लागून मेल्याची बातमी आली. ती आत्महत्या होती असं अधिकृतपणे सांगतात, सगळे मानत नाहीत. सैन्याने बाजू बदलली. दुपारी चाउशेस्कू आणि पत्नी एलेना त्या बाल्कनीच्याच इमारतीच्या छतावरून हेलिकॉप्टरने पळाले, आणि 25 तारखेला तर्गोविश्तेच्या छावणीत तासाभराच्या खटल्यानंतर दोघांना गोळ्या घातल्या.

क्रांतीत अकराशेहून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक तो पळाल्यानंतर. सत्तेवर आला इओन इलिएस्कू, पक्षातलाच एकेकाळचा बडा नेता.

क्रांती चौकातून चालत जवळच विद्यापीठ चौक आहे. 1990 च्या वसंतात जुन्या पक्षवाल्यांना सत्तेबाहेर ठेवा म्हणून विद्यार्थी इथे ठाण मांडून बसले होते. जूनमध्ये जिऊ खोऱ्यातले खाणकामगार आगगाड्या भरभरून शहरात आले आणि त्यांनी लाठ्याकाठ्यांनी चौक साफ केला. इलिएस्कूने त्यांचे जाहीर आभार मानले.