वाटेला लावणे

एखाद्याला ‘वाटेला लावणे’ म्हणजे नको असलेल्या पाहुण्याची गोड बोलून बोळवण करणे, असाच अर्थ मी आजवर धरून चाललो होतो. कांदाटी खोऱ्यात चार दिवस पायी हिंडून आल्यावर या शब्दांना याहून जुना आणि सरळ अर्थ असावा, असे वाटू लागले आहे.

हे खोरे म्हणजे सातारा जिल्ह्याची पश्चिमेची कड. कोयनेवर धरण झाले, शिवसागराचे पाणी खोऱ्याखोऱ्यांतून आत शिरले आणि पलीकडच्या अंगाची गावे उरलेल्या जिल्ह्यापासून पाण्याने तुटली. बामणोलीहून किंवा तापोळ्याहून लाँचने ये-जा करणे तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडले आहे. आम्ही तिघे जण जानेवारीत मधुमकरंदगडापासून निघालो होतो. तिथून ‘पर्वत’ याच नावाचा डोंगर, मग चकदेव आणि शेवटी शिंदीला उतरायचे, असा बेत होता.

पहिल्याच संध्याकाळी मकरंदगडाच्या पदरात घोणसपुराजवळ माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला आणि पावलागणिक आ वासू लागला. दुसरे पादत्राण म्हणून सोबत रबरी चप्पल तेवढी होती. पडवीत बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी लांबूनच माझी चाल ओळखली, बूट काढून मागितला, उलटसुलट करून पाहिला आणि आतून एक दाभण व सुतळीचे रीळ घेऊन आले. जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागांतल्या कित्येक घरांप्रमाणे या घराचाही पोटापाण्याचा रस्ता मुंबईला गेलेला होता. माथाडी कामगारांचा 1969 चा कायदा होण्याआधी त्यांचे वडील मस्जिद बंदरात हमाली करत होते आणि पुढे हेही त्याच कामाला लागले. ‘‘तीस वरसं गोन्या शिवल्या, बूट म्हंजे काय!’’ असे म्हणत त्यांनी गोणीचे तोंड शिवतात तशी तिरपी, मोठ्या टाक्यांची शिवण घातली, प्रत्येक टाका दातात सुतळी धरून आवळला आणि शेवटची गाठ मारून बूट माझ्यापुढे ठेवला. मी खिशात हात घातलेला पाहून ते म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ द्या, फुडं लाँचला लागतील.’’ बूट दिसायला साखरेच्या पोत्यासारखा झाला, पण ती शिवण शेवटपर्यंत उसवली नाही. कंपनीची शिवण मात्र तीन महिने टिकली होती.

तिसऱ्या दिवशी, पर्वताहून उतरून चकदेवाकडे निघालो असताना, आमची वाट हरवली. फोनमध्ये उतरवून घेतलेल्या नकाशावरचा निळा ठिपका अगदी वाटेवर होता आणि आमच्या नाकासमोर मात्र पुरुषभर उंचीची कारवी होती. अशा रानात ढोरवाटा माणसाला फार फसवतात. त्या चांगल्या मळलेल्या असतात, गुरांच्या सोयीने वळणे घेत जातात आणि चरण्याजोगे संपले की मध्येच विरून जातात. दोन तास या गचपणातून अंग ओरबाडून घेतल्यावर कोंबडा आरवल्याचा आवाज आला आणि त्या आवाजाच्या रोखाने आम्ही एका वाडीत येऊन पोचलो.

आठ-दहा घरांपैकी एकच उघडे होते. बाकीच्या कड्यांना लावलेली कुलपे आता गणपतीत उघडणार. अंगणात नाचणी पाखडत बसलेल्या आजींनी आम्हाला पाहिले, सूप खाली ठेवले आणि पहिल्यांदा आम्हाला चांगले फैलावर घेतले. ‘‘वाट सोडून रानात शिरायला तुमास्नी कुनी सांगितलं? पायाखाली जनावर आलं आस्तं म्हंजे?’’ बोलणे चालू असतानाच पाण्याचा तांब्या पुढे आला आणि ते संपायच्या आत चुलीवर तवा चढला. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि लसणाची चटणी. आम्ही संकोचाने एकेक भाकरी घेतली, तेव्हा ‘‘आनी गड चढायला निगाल्यात’’ असा शेरा मारून त्यांनी दुसरी वाढली. आपले लग्न भूकंपाच्या साली झाले, म्हणजे 1967 साली, एवढा इतिहासही त्यांनी भाकरी थापता थापता सांगून टाकला.

हात धुतल्यावर मी म्हणालो, ‘‘आजी, आता वाट तेवढी सांगा.’’

‘‘सांगून कळंल व्हय तुमाला?’’ असे म्हणून आजी उठल्या, उजव्या गुडघ्यावरची फडक्याची पट्टी घट्ट केली, कोयता घेतला आणि चालू लागल्या.

मी साताऱ्यात समर्थ मंदिराजवळ राहतो. कासचा रस्ता तिथूनच पुढे जातो आणि 2012 मध्ये ते पठार जागतिक वारसा यादीत गेल्यापासून फुलांच्या दिवसांत आमच्या चौकात रोज कुणीतरी गाडीची काच खाली करून कासची वाट विचारते. मी चालता चालता हात लांब करतो आणि ‘‘सरळ’’ म्हणतो. रस्ता सरळ नाही हे मला चांगले ठाऊक आहे. यवतेश्वराचा घाट पुढेच आहे. आजींच्या मागून चालताना मला हे का आठवावे, कोण जाणे.

त्या पुढे आणि आम्ही तिघे मागे, असे जवळजवळ पाऊण तास चाललो. पट्टीमुळे एक पाय जरा फेकून टाकायची त्यांची चाल होती, पण वेग आमच्याहून जास्त. एका सोंडेवर वाट दुभंगली. डावीकडची रुंद आणि मोहात पाडणारी होती, उजवीकडची कारवीत लपलेली. आजींनी कोयत्याने कारवीच्या दोन काठ्या तोडल्या, डावीकडच्या वाटेवर आडव्या टाकल्या आणि वाऱ्याने हलू नयेत म्हणून दोन्ही टोकांवर दगड ठेवले.

‘‘आता तर आम्ही बघितली की वाट,’’ मी म्हणालो.

‘‘तुमी बगितली. मागनं येनाऱ्यानं कुटं बगितलीया?’’

पैशांचा विषय मी पुन्हा काढला नाही. काम सांगितले ते आजींनीच, आणि ते घरातून निघतानाच सांगून झाले होते. चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने मोठ्या आकड्यांत त्यांच्या मुलाचा फोन नंबर लिहिलेला होता, तो मी उतरवून घेतला होता. वाडीत रेंज नाही. ‘‘रेंज आली की फोन लाव. म्हातारी बरी हाय म्हनावं,’’ एवढाच निरोप होता. दुवाट्यावर निरोप घेताना त्यात एक भर पडली, ‘‘गुडघ्याचं काय बोलू नगंस.’’

चकदेव झाला, शिंदी झाली आणि चौथ्या दिवशी दुपारी आम्ही बामणोलीच्या लाँचमध्ये बसलो. धक्का जवळ आला तसा तिघांचेही फोन एकदम वाजू लागले. घरी कळवण्याआधी मी तो नंबर लावला. पलीकडे मालमोटारींचा आणि माणसांच्या ओरडण्याचा कल्लोळ होता. मी कोण, कुठून बोलतोय हे सांगायला जरा वेळ लागला. आजी बऱ्या आहेत, असे म्हणालो. तेवढ्याने त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

‘‘जेवायला घातलं का?’’

‘‘घातलं. दोन-दोन भाकरी.’’

‘‘आनि वाटंला लावायला कुटपर्यंत आली?’’

‘‘दुवाट्यापर्यंत. काठ्या आडव्या टाकून दिल्या.’’

‘‘चालत? सोंडंवर?’’

‘‘आमच्या पुढे.’’

कल्लोळातही त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. ‘‘मग बरी हाय,’’ ते म्हणाले. गुडघ्याचे मी काही बोललो नाही.