इतिहास कुठून सुरू करावा

सोलापूर, रविवार, २६ एप्रिल

गेला महिनाभर मनात घोळत असलेला एक निर्णय आज घेतला, म्हणून झोपण्यापूर्वी तो सविस्तर लिहून ठेवत आहे. मुलांना घरीच शिकवायचे ठरवल्यापासून गणित आणि भाषा यांची घडी पहिल्या वर्षातच बसली, विज्ञानाचीही हळूहळू बसत आली. इतिहास मात्र सतत पुढच्या महिन्यावर ढकलला जात होता. थोरली दहा वर्षांची झाली, धाकटा सात वर्षांचा आहे, आणि येत्या जूनपासून इतिहासाला आठवड्यातले तीन दिवस नेमून द्यायचे तर हाताशी नेमके काय घ्यायचे, हे आताच ठरवायला हवे होते. दुपारी मुले आजोबांजवळ झोपली असताना मी जमा केलेले सगळे साहित्य बैठकीच्या खोलीत जमिनीवर मांडले आणि तीन तास एकेक चाळत बसले.

थोरली शाळेत होती तेव्हा इतिहास हा तिचा सर्वांत नावडता विषय होता. त्यात तिचा दोष नव्हता. तिच्या शाळेत धड्याखालची प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून दिली जात आणि परीक्षेत ती शब्दशः यावीत अशी अपेक्षा असे. एकदा तिने एका उत्तरात स्वतःचे दोन शब्द घातले, अर्थ पूर्णपणे बरोबर असूनही गुण कापले गेले, आणि त्या दिवसापासून तिने इतिहासाच्या वहीत स्वतःचे असे काहीही लिहिले नाही. ती वही माझ्या कपाटात अजून आहे. अक्षर अतिशय सुंदर आहे, पण त्यात माझी मुलगी कुठेही सापडत नाही. अभ्यासक्रम निवडताना ही वही मी समोर ठेवली होती.

पहिला गठ्ठा होता परदेशातून आलेल्या अभ्यासक्रमाचा, जो एका परिचित कुटुंबाने आपली मुले मोठी झाल्यावर आम्हाला दिला. प्राचीन, मध्ययुगीन, त्यानंतरचा आणि आधुनिक असे जगाच्या इतिहासाचे चार भाग, दर वर्षी एक, आणि चार वर्षांनी मूल मोठे झाल्यावर तेच चक्र अधिक खोलात जाऊन पुन्हा, अशी त्याची रचना आहे. गोष्ट मोठ्याने वाचायची, मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगायची, नकाशा रंगवायचा, हाताने काहीतरी करायचे. आम्ही त्यातले प्राचीन इजिप्तचे प्रकरण गेल्या हिवाळ्यात करून पाहिले. सफरचंदाची फोड मिठात आणि खाण्याच्या सोड्यात पुरून ठेवली, आणि ती कुजण्याऐवजी सुकून आक्रसत जाताना मुलांनी रोज पाहिली. ममी कशी टिकते हे त्यांना आता जन्मभर कुणी सांगायला नको. शिकवण्याची ही रीत उत्तम आहे यात मला शंका नाही, विशेषतः मुलाने ऐकलेले स्वतः परत सांगण्याचा भाग, कारण त्यात नेमके तेच घडते जे त्या सुंदर अक्षराच्या वहीत कधी घडले नाही.

तरीही तो अभ्यासक्रम जसाच्या तसा स्वीकारायला मन धजावत नाही. त्यात भारत मधूनमधून येतो, दख्खन जवळजवळ येतच नाही; सातवाहन, चालुक्य, यादव, बहमनी, आदिलशाही यांच्यापैकी कुणालाही तिथे बसायला जागा नाही. मागच्या महिन्यात थोरलीने नाईलच्या पुराचे वर्णन इतके छान केले की मला कौतुक वाटले, आणि त्याच संध्याकाळी मी सहज विचारले की आपली भीमा कुठून येते आणि कुठे जाते, तर तिला सांगता आले नाही. चूक माझी होती. जग आधी आणि गाव नंतर, हा क्रम मीच तिला दिला होता.

दुसरा गठ्ठा बालभारतीच्या पुस्तकांचा, शेजारच्या मुलीने वापरलेल्या प्रतींचा. ही पुस्तके आपण फार लवकर नाकारतो असे मला आज वाटले. चौथीत शिवछत्रपती, पाचवीत माणसाची अगदी सुरुवातीपासूनची वाटचाल, सहावीत प्राचीन भारत, सातवीत मध्ययुग आणि मराठ्यांचा काळ, आठवीत आधुनिक भारत, असा त्यांचा सरळ क्रम आहे. इतिहासाची भौतिक, लिखित आणि मौखिक साधने हा सहावीच्या पुस्तकातील धडा तर मी दोनदा वाचला. वास्तू, नाणी, भांडी ही भौतिक साधने. शिलालेख, ताम्रपट, ग्रंथ ही लिखित. ओव्या, लोकगीते, दंतकथा ही मौखिक. हा धडा बहुतेक ठिकाणी एका तासात उरकला जातो आणि व्याख्या पाठ करून घेतल्या जातात. माझ्या मते पाचवी ते आठवीच्या साऱ्या इतिहासाची किल्ली याच चार पानांत आहे, कारण हे कशावरून कळले, हा प्रश्न विचारायला तोच धडा शिकवतो.

तिसरा गठ्ठा गोष्टीरूप इतिहासाचा होता, आणि त्यातला बराचसा मी बाजूला ठेवला. ऐतिहासिक व्यक्तींच्या तोंडी लेखकाने रचलेले लांबलचक संवाद मुलांना आवडतात हे खरे, पण ते खरोखर तसेच बोलले होते अशी मुलांची ठाम समजूत होते, आणि ती समजूत पुढे काढून टाकणे फार अवघड जाते. गोष्ट हवी, अवश्य हवी. पण ती कुठे संपते आणि पुरावा कुठे सुरू होतो हे मुलाला दिसायला हवे.

माझा निर्णय खऱ्या अर्थाने झाला तो मात्र या गठ्ठ्यांमुळे नव्हे. तो मागच्या रविवारी हत्तरसंग कुडलला झाला, एवढेच की मला ते आज उमगले. भीमा आणि सीना यांच्या संगमावरच्या या देवळात आम्ही पूर्वीही गेलो होतो, पण दर्शन घेऊन आणि असंख्य मुखे कोरलेले ते शिवलिंग पाहून परतलो होतो. या वेळी तुळईवरच्या शिलालेखासाठी गेलो. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. मी आधीच घरी त्याची शेवटची ओळ कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून घेतली होती, अर्थ मात्र सांगितला नव्हता. थोरली मान वर करून एकेक अक्षर जुळवत राहिली. काही अक्षरे ओळखीची, काही वळणे अनोळखी. मग ती हळू आवाजात म्हणाली, "वाछितो... आई, हे वाचतो आहे का?" पुढचे 'विजेया होइवा' तिला लगेच लागले. जो हे वाचील तो विजयी होईल. "म्हणजे मी," ती म्हणाली, आणि धाकट्याने लगेच आपल्यालाही वाचायचे आहे म्हणून हट्ट धरला.

लेखात शक ९४० आहे. घरी आल्यावर मी तिला भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चालू शक शोधायला सांगितले. तिला १९४८ सापडले, तिने वजाबाकी केली, १००८ आले, आणि ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो हे त्यानंतर सांगितले, तेव्हा तिने १०१८ स्वतःच काढले. ज्या मुलीला सनावळीचा तिटकारा होता, तिने त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या जन्माचे वर्ष शकात रूपांतरित करून दाखवले.

त्यानंतर भुईकोट किल्ल्यात गेलो ते तुलनेने सोपे होते. तट आणि बुरूज पाहण्यापेक्षा मुलांना एकाच गोष्टीचे नवल वाटले, ते म्हणजे चांदबिबीच्या लग्नात निजामशाहीने हा किल्ला आदिलशाहीला हुंड्यात दिला होता. आख्खा किल्ला हुंड्यात कसा देतात, त्यात राहणाऱ्या माणसांना कुणी विचारले होते का, असे प्रश्न धाकट्याने वाटेत रिक्षात विचारले. अहमदनगर आणि विजापूर यांच्यामध्ये आपले गाव आहे, एवढा नकाशा काढून दाखवला की सोलापूरसाठी इतकी भांडणे का झाली याचे अर्धे उत्तर मुलांना स्वतःच मिळते.

अवघड गोष्ट होती १९३० ची. चार हुतात्मा चौकातून आम्ही आठवड्यातून चार वेळा जातो, तेव्हा ती टाळता येत नाही आणि टाळूही नये. मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गाव पेटले, दारूला विरोध म्हणून शिंदीची झाडे तोडून परतणाऱ्या जमावाची पोलिसांशी गाठ पडली, ८ मे रोजी गोळीबारात शंकर शिवदारे पडले, आणि १२ मे पासून सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला, इथपर्यंत मी सांगितले. मंगळवार पेठेतील चौकीवर जमाव चालून गेला त्यात दोन पोलीस मारले गेले. त्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चौघांची नावे थोरलीने मोठ्याने म्हटली आणि विचारले, "पोलीस इंग्रज होते की आपलेच?" आपलेच होते, मी म्हणाले. ती पुष्कळ वेळ गप्प होती.

त्या शांततेविषयी मी आज पुष्कळ विचार केला. धाकट्याला एवढे सगळे सांगायला नको होते का? सात वर्षांच्या मुलाला फाशी हा शब्द कळतो, त्याचे ओझे कळत नाही. त्याच्यासाठी या वर्षी चार नावे आणि चौकातले पुतळे पुरेत असे मी ठरवले आहे. थोरलीसाठी मात्र तो प्रश्न तसाच उघडा ठेवायचा आहे. ज्या पुस्तकात एकच बाजू आणि एकच उत्तर असते, त्यातून तिला हा प्रश्न सुचलाच नसता. कोणते पुस्तक मुलाला गुंतवून ठेवते हे पारखताना मी आजवर चित्रे, कोडी आणि कृती मोजत होते; आता मला वाटते की मूल त्यातून उठून किती प्रश्न घेऊन येते तेवढेच मोजावे.

संध्याकाळी सासऱ्यांनी आपणहून त्यांची पत्र्याची जुनी पेटी उघडली. मुलांच्या तोंडी साधने, पुरावे हे शब्द ते आठवडाभर ऐकत होते. पेटीत गिरणीचा पितळी बिल्ला होता, घासून घासून गुळगुळीत झालेला, त्यावरचा क्रमांक बोटाने चाचपल्यावरच कळावा असा. सोलापुरात जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मागोमाग गिरण्यांचे गाव उभे राहिले. माग चालवायला तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे आली, म्हणूनच आमच्या गल्लीत आजही तेलुगू मराठीइतकीच कानावर पडते. हे सगळे मी पुस्तकातून सांगू शकले असते. सासऱ्यांनी सांगितले ते वेगळे होते. भोंगा झाला की घराघरातले दिवे कसे लागत, रात्रपाळीहून आल्यावर कानात मागांचा आवाज किती वेळ घुमत राही, आणि गिरणी बंद झाल्यावर पहिले काही दिवस भोंगा न होताही त्यांना त्याच वेळी जाग कशी येई. "आजोबा, तुम्ही हे कुणाला सांगितले होते का?" थोरलीने विचारले. ते म्हणाले, "कुणी विचारलं नाही." तिने तेव्हाच वही आणली. त्यांचे सांगणे तिने तिच्या शब्दांत लिहून घेतले, खाडाखोड करत, दीड पान. त्या जुन्या वहीपेक्षा अक्षर किती तरी वाईट आले आहे, आणि मला ते दीड पान पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते.

तर ठरले ते असे. कणा बालभारतीचा, कारण पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते आणि तोवर क्रम सुटलेला नको. पण पाचवीचे पुस्तक उघडण्यापूर्वी जूनचा पूर्ण महिना साधनांच्या त्या एका धड्यालाच द्यायचा. परदेशी अभ्यासक्रमातून ऐकलेले परत सांगण्याची रीत आणि कालरेषा घ्यायची, जगाचा भाग आठवड्यातून एक दिवस ठेवायचा. प्रश्नोत्तरे लिहून द्यायची नाहीत. महिन्यातून एकदा बाहेर पडायचे: पावसाळ्यानंतर तेरला, जिथल्या संग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू आहेत, आणि भीमेकाठच्या माचणूरला, जिथे औरंगजेबाची छावणी होती. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेत मुले दर वर्षी नंदीध्वज पाहतात; येत्या संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची आख्यायिका कुणाकुणाकडून कशी ऐकायला मिळते ते तीनचार घरी विचारून लिहायचे, मराठीत, कन्नडमध्ये, जमेल तसे.

कालरेषेचे काम रात्री जेवणानंतर लगेच सुरूही झाले. एका शतकाला थोरलीची एक वीत असे माप धरून बैठकीच्या भिंतीवर आम्ही कागदाची पट्टी चिकटवली. एका टोकाला कुडलचा शिलालेख, दहा वितींच्या थोडे पुढे आज. १९३० आणि आजोबांचा जन्म यांच्यात केवळ दोन बोटांचे अंतर आले, ते पाहून सासरे स्वतः भिंतीजवळ जाऊन उभे राहिले. मग धाकट्याने विचारले की तेरची मडकी कुठे लावायची. दोन हजार वर्षांपूर्वीची म्हणजे आणखी दहा विती मागे, आणि भिंत तर संपली होती. त्याने दारातून मोजत मोजत स्वयंपाकघर गाठले, ओट्याच्या कडेपर्यंत आला आणि डब्यांच्या फळीखाली पेन्सिलीने एक खूण केली. अश्मयुगासाठी उद्या सकाळी अंगणात मोजणार आहे, असे तो झोपताना सांगून गेला आहे.