संकलक म्हणून माझे नाव

मी बारावी झालो तेव्हा आमच्या गावातल्या मुलांपुढे दोनच वाटा असत: पोलीस भरती नाहीतर सैन्य भरती. माण तालुक्यात जमीन असली तरी तिला पाणी नसते, त्यामुळे घरात पगार आणणारा एक तरी माणूस हवा, हे गणित सगळ्यांना पाठ होते. माझा चुलत भाऊ पहाटे साडेचारला उठून दहिवडीच्या रस्त्यावर पळायला जाई आणि मीही त्याच्या मागे जात असे. सोळाशे मीटरच्या शेवटच्या टप्प्यात माझा दम हमखास तुटायचा, पण त्याऐवजी दुसरे काही करावे अशी इच्छाही मनात नव्हती. २०१४ साली साताऱ्यात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, तोही भरती निघेपर्यंत वेळ जावा आणि हाताशी पदवी असावी म्हणून.

महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात ही संस्था स्थापन केली, पुढे वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सगळे आम्ही शाळेपासून दर बावीस सप्टेंबरला भाषणांत ऐकत आलेलो होतो. त्या भाषणांनी माझ्यात काही बदल झाला असे लिहिले तर शोभून दिसेल, पण ते खरे होणार नाही. माझ्यात बदल झाला तो ओल्या रद्दीमुळे.

‘कमवा व शिका’ योजनेत मला वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज दोन तासांचे काम मिळाले होते. सहलीहून आणलेल्या वनस्पती वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून दाबून ठेवलेल्या असत. पहिले काही दिवस तो कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर पाने काळी पडतात आणि बुरशी धरते. ओला कागद काढायचा, उन्हात वाळत घालायचा, कोरडा घालायचा, पाकळी दुमडली असेल तर चिमट्याने सरळ करायची आणि पट्टे पुन्हा आवळायचे, एवढेच माझे काम होते. नमुना वाळला की तो जाड पांढऱ्या कागदावर टाचून उजव्या कोपऱ्यात खाली लेबल लावायचे: शास्त्रीय नाव, कुळ, ठिकाण, तारीख आणि शेवटी संकलकाचे नाव. कपाटातल्या काही कागदांवर माझ्या जन्माआधीच्या तारखा होत्या आणि त्यांखाली अशाच कुण्या विद्यार्थ्यांची नावे होती. दुसऱ्या वर्षी मी पुसेगावच्या माळावरून आणलेले एक झुडूप सरांनी ओळखून दिले आणि लेबल माझ्यापुढे सरकवत म्हणाले, “संकलकात तुझं नाव घाल, तू आणलंस ना?” हजेरीपट आणि गुणपत्रिका सोडून माझे नाव कुठे कायमचे लिहिले जाईल, असे मला तोवर वाटले नव्हते. ते लेबल मी तीन वेळा लिहिले, कारण अक्षर बिघडत होते.

त्याच सुमारास मी पहिल्यांदा कास पाहिले. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचे हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले, पण आमच्या गावात ते कुणाच्या खिजगणतीत नव्हते. माणमध्ये पावसाने पाचशे मिलिमीटर गाठले तर ते वर्ष चांगले म्हणायचे. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजारांहून अधिक पडतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि सप्टेंबरच्या धुक्यात ओल्या कातळावर उभे राहणे वेगळे. तिथे इंग्रजी वाय अक्षरासारखा फुलोरा येणारा वायतुरा पाहिला. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘सातारेन्सिस’ आहे. सीतेची आसवे नावाची नाजूक जांभळी फुले ज्या वनस्पतीला येतात, ती इवल्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून खाते, हे ऐकून तर आमची पूर्ण तुकडी गुडघ्यांवर बसली. २०१६ मध्ये, म्हणजे शेवटच्या वर्षात, सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवीही पाहायला मिळाली. ती पुढे कधी फुलेल याचा हिशेब करताना २०२३ साल आले आणि त्या साली आपण काय करत असू, हा प्रश्न भरतीच्या संदर्भाविना माझ्या डोक्यात पहिल्यांदा आला.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मात्र कासपेक्षा आमचाच माळ मला जास्त नवा वाटू लागला. आबांची पंचवीसएक मेंढरे आहेत. कुसळी गवत पिकले की त्याची कुसळे लोकरीत शिरून कातडीला टोचतात आणि आबा संध्याकाळभर ती उपटत बसतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. वर्गात कळले की हे कुसळ ओलाव्याने पीळ सोडते, वाळले की पुन्हा पिळते आणि या हालचालीनेच बी जमिनीत घुसते. आबांना हे सांगितले तर ते म्हणाले, “मग आमच्या हातात काय उगाच शिरतंय व्हय?” मी दोन वर्षे ज्या गवतांची शास्त्रीय नावे पाठ करत होतो, त्यांतले पवना, मारवेल, तिखाडी त्यांना चालता चालता ओळखू येत. तिखाडी तर ते नुसत्या वासावर सांगत. आपल्याकडे काहीच नाही म्हणून बाहेर पडायचे, ही माझी समजूत त्या सुट्टीत ढिली झाली. या माळावर कोणते गवत कुठे आहे, कोणते संपत चालले आहे, याची नीट नोंद करावी असे वाटू लागले आणि माझ्या महत्त्वाकांक्षेला पहिल्यांदा एखाद्या पदाऐवजी एखादा विषय मिळाला.

हे सगळे सुरळीत झाले असे समजू नये. मराठी माध्यमातून आल्यामुळे पहिल्या सत्रात व्याख्यान कळेपर्यंत फळा पुसला जाई. रसायनशास्त्रात एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला पण पुढच्या वर्गात जाता आले, ती मी घरी सहा महिने सांगितली नाही. मैत्रीही सगळी तिथलीच. माझ्या जर्नलमधली इंग्रजी वाक्ये तपासून देणारी मुलगी कोरेगावच्या भाजीवाल्याची होती आणि तिच्यासमोर अडाणी दिसण्याची लाज मला अभ्यासाला फार उपयोगी पडली.

पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. केले, सेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालो आणि आता एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. चुलत भाऊ पोलिसात लागला, त्याचे घर बांधून झाले, आणि आमच्या घरी पाहुणे आले की हा हिशेब कुणीतरी काढतेच. त्यात त्यांची चूक नाही. महाविद्यालयाने माणसाची स्वप्ने मोठी होतात असे म्हणतात. माझी मोठी झाली की नुसती महागडी झाली, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. गवतांचे एकशे बारा नमुने मात्र माझ्या खोलीत पलंगाखाली आहेत आणि त्यांच्या लेबलांवर ‘स्थानिक नाव’ हा रकाना मी स्वतः वाढवला आहे. तो आबांना विचारूनच भरतो.

२०२३ च्या सप्टेंबरात कारवी पुन्हा फुलली तेव्हा आबांना घेऊन कासला गेलो. उभा जन्म सातारा जिल्ह्यात काढून त्यांनी ते पठार पाहिले नव्हते. निळ्याजांभळ्या उताराकडे ते बराच वेळ टोपी हातात घेऊन पाहत राहिले, मग एक पान चुरगाळून त्यांनी वास घेतला आणि विचारले, “मेंढरं खात्यात का रं हे?” मला ठाऊक नव्हते. परतीच्या एसटीत बसल्यावर तो प्रश्न मी वहीत लिहून घेतला.